तालुकदार, भोंगा आन काहील

त्या साली सरावनात निंबळवाडीला असं वारं सुटलं, असं वारं सुटलं, का कावळं उडायचं पुढं आन पोचायचं मागं. पाऊस वरून पडतच नव्हता, आडवाच यायचा. मानूस घराभाईर पडला का त्याचा एक गाल वला आन दुसरा कोरडा. वापस येताना दुसरा भिजायचा, तवा कुठं तोंड बराबर व्हायचं. मारुतीच्या देवळातली घंटा आपल्याआप वाजायची, दिस न्हाई का रात न्हाई. देवाला झोप न्हाई म्हून त्याचं डोळं तांबारलं. कुनाला खोटं वाटत आसंल तर जाऊन बघावं, त्या मारुतीचं डोळं आजूनबी तांबडं हायेत.

आसल्या वाऱ्यात साखराबाई चुलीपुढं बसून जवारीच्या लाह्या फोडत व्हती. लाह्या तडतड उडत व्हत्या, आन तिच्या जिवाचंबी तसंच चाललं व्हतं. आज चवथ, उद्या नागपंचमी. पंचमी म्हंजे लेकीबाळींचा सन. गावोगावचे भाऊ मुराळी म्हून निघत्यात, भनींला सासरहून घेऊन येत्यात, मंग झोकं काय, फुगड्या काय, मेंदी काय. आन साखराबाईची भाची सुंदरा बसलीती नदीच्या पल्याड, ढवळपिंपरीला, नव्या सासरी.

सुंदरा आन तिचा भाऊ आश्रुबा, दोघंबी आईयेगळी लेकरं. त्यांला ल्हानाचं थोर केलं ते साखराबाईनंच. ती त्यांची आत्या. नवरा मेला तवा भावाच्या घरी आली ती हितलीच झाली. वैशाखात सुंदराचं लगीन झालं. सासरी जाताना पोरगी रडली न्हाई का फुंदली न्हाई. गाडीत बसून आत्याचं बोट धरलं आन म्हनली, "आत्ये, पंचमीला चिचंवरचा पैला झोका माझा. न्हाई नेलं तर जलमात तुझ्याशी बोलायची न्हाई." साखराबाईनं सबूद दिला. ज्या लेकीला आई न्हाई, तिला म्हायेरच्या मानसाचा सबूद हीच आई.

आता विहीनबाईचं आईका. सुंदराची सासू जानकीबाई, ही मूळची निंबळवाडीचीच लेक. साखराबाईसंगं खेळली, भांडली, एकाच बोराटीवर चढून एकाच फांदीवरून पडली. पन विहीन झाली का मानूस बदलतं. पूर यायच्या आदी तिनं सांगावा धाडलता: "मुराळी इल तर वाहन घेऊन इल. आखाडात आश्रुबा भेटाया आला तो चालत आला, गुडघ्याएवढा चिखल आमच्या सारवलेल्या वसरीत आनून टाकला. बिनवाहनाच्या मुराळ्यासंगं सून जायाची न्हाई. आन चवथीच्या दिवेलागनीपातुर आला न्हाई, तर सून ह्या साली आमच्यातच पंचमी करील."

सांगावा आला आन मागून तुफान आलं. सिंदफना नदी ह्या थडीपासून त्या थडीपातुर फुगली. गावची नाव पैल्याच पान्यात सुटून कुठं गेली ती गेली.

आश्रुबा दारात उभा ऱ्हायला. अंगानं हत्ती, पन बोलायचं म्हनलं का सबूद भाईर पडायला घंटा लागायचा.

"आत्ये," तो म्हनला, "मी पवून जातो."

"जाशील रं बाबा. आन येताना सुंदरीला काय खिशात घालून आनशील? आन ती जानकी म्हनंल, आला का बिनवाहनाचा? जा तसाच पवत वापस."

"मंग?"

"मंग काय मंग? आपल्या दमनीची बैलं पुराला भित्यात. दुसरं वाहन आनू."

"कुनाचं?"

साखराबाईनं लाह्या फडक्यात बांधल्या, डोस्क्यावर घोंगडं घेतलं आन हसली. ती आशी हसली का गावातली शानी मानसं दार लावून घ्यायची.

चावडीत मानसं चिलीम वढत बसलीती. मधी विठ्ठलराव देशमुख. ह्या विठ्ठलरावानं उन्हाळ्यात हैदराबादेहून मोटार आनलती. काळीभोर, लखलखीत. पुढून लोखंडी हांडेल मारायचा का ती आदी खोकायची, मंग थरथरायची, मंग निघायची. बाजूला रबराचा भोंगा. तो दाबला का असा आवाज काढायचा, का गाभन म्हशी चमकायच्या आन आंधळ्या म्हाताऱ्याला वाटायचं यमराज आला. पाऊस पडल्यापून मोटार सोप्यात झाकून ठिवलेली.

कोपऱ्यात बसलाता सटवा. त्याच्याकडं एक हेला, म्हंजे दांडगा रेडा, व्हता. शिंगं आशी, का एका शिंगावर लुगडं वाळत घालावं आन दुसऱ्यावर धोतर. नाव ठिवलंतं तालुकदार, कचेरीतल्या मोठ्या सायबाचं. कावून तर एकदा बसला का बसला, मंग त्याला उठीवनारा आजून जलमायचा व्हता. सरकारी शिपाई गावात आला का सटवा त्या दिशी हेल्याला नुसतं 'भाऊ' म्हनून हाक मारायचा.

साखराबाईला ठावं व्हतं, मागितलं तर कुनी देत न्हाई. म्हून ती मागायला गेलीच न्हाई. चावडीच्या पायरीवर टेकली आन लांब सुस्कारा टाकला.

"काय झालं, आक्का?" विठ्ठलराव.

"काय सांगू, विठ्ठलराव. ह्यो सटवा काय बोलला ते सांगितलं तर तुमाला राग यायचा."

सटवानं तोंडातली चिलीम काढली. बिचारा सकाळधरनं कायबी बोलला नव्हता.

"बोला, आक्का."

"म्हनतो, देशमुखाची मोटार म्हंजे नव्या नवरीचा मुखडा. उन्हात मिरवायची, पाऊस आला का झाकून ठिवायची."

"मी कवा..." सटवा उठला.

"बस, बस. तूबी आईक. विठ्ठलराव काल काय म्हनले? म्हनले, सटवाचा हेला पान्यात घातला तर ढेकळावानी इरघळून जाईल."

झालं. चुलीत फुकनी घालायची तेवढी देर व्हती.

"माझा तालुकदार इरघळंल?" सटवा वरडला. "आरं, त्यानं भर पुरात गंगा पवून पार केलीया! मधीच थांबून पानीबी पिलाय!"

"माझी मोटार इलायती चीज हाय," विठ्ठलराव म्हनले. "तुफान काय घेऊन बसलास बे, दरियात घातली तर दरिया बाजूला सरंल."

"मंग दावा की!"

"तू दाव!"

"भांडू नगा," साखराबाई गरीब तोंड करून म्हनली. "तसं आमाला ढवळपिंपरीला जायाचंच हाय. मी मोटारीत बसते, हेला मागून येऊ द्या. आन आश्रुबा आमची दमनी घेऊन येतो सगळ्याच्या मागं. कुनाचं फसलं तर वढून काढाया बैलं लागतील."

"माझी फसत न्हाई," दोघंबी एकदमच म्हनले.

निघाली का वरात! म्होरं मोटार, त्यात विठ्ठलराव डोळ्याला काचा लावून, शेजारी साखराबाई लाह्याचं गठुडं पोटाशी धरून. मागं तालुकदार डुलत डुलत. त्याच्यामागं आश्रुबाची दमनी. सगळ्यामागं अख्खं गाव. पूर, पाऊस, वारं, कुनाला फिकीर न्हाई. असा तमाशा पुन्हा बघाया मिळायचा न्हाई, एवढं लोकांला कळत व्हतं.

येशीपातुर मोटार काय पळाली म्हनता! साखराबाईच्या डोस्क्यावरचं घोंगडं पाखरावानी उडालं आन चिचंवर जाऊन बसलं. "बघितलं का, आक्का?" विठ्ठलराव वरडले. आन येस वलांडली. येशीभाईर आपल्या इकडली काळी माती. काळी माती म्हंजे सासूची मर्जी, एकदा धरलं का सोडत न्हाई. मोटार दोन डाव गुरगुरली, चिखल उडवून मागच्या मानसांला ल्हान-थोर एकसारखं काळं केलं, आन पोटापातुर खाली बसली.

"फसली का काय?" साखराबाईनं इचारलं.

"फसली न्हाई, आक्का. जरा दम खातीया."

"खाऊ द्या, खाऊ द्या. हैदराबादेहून आलीया, दमली आसंल."

सटवा असा हसला का त्याच्या मागच्या दाढा दिसल्या.

आश्रुबानं हौशा आन नवशा दोन्ही बैलं दमनीची सोडली, मोटारीला जुपली. बैलांनी हिसका दिला तशी मोटार चिखलातून निघाली, म्हशीचं रेडकू भाईर यावं तशी, घसरत, माखलेली आन वरडत. पन पुढं जायाला तयार न्हाई. विठ्ठलराव हांडेल मारत ऱ्हायले. साखराबाई खाली उतरली आन बाकीच्या वरातीसंगं नदीकडं गेली. त्यांला जाताना बघून विठ्ठलराव वरडले, "येतो मी मागून! तुमी व्हा म्होरं!"

आश्रुबानं बैलं पुन्हा दमनीला जुपून नदीच्या तोंडापातुर आनली. नदी कसली, समिंदरच. पान्याचा रंग चहावानी, त्यात झाडं मुळासगट चाललेली. नवशानं पान्याकडं बघितलं, हौशाकडं बघितलं. हौशानं मान हलीवली. आन दोन्ही बैलं दमनीसगट वळून घराकडं निघाली, आश्रुबाला न इचारता.

"शानी हायेत," साखराबाई म्हनली.

पन तिचं तोंड उतरलं. ढगाआडून दिस कलल्याचं कळत व्हतं. पल्याड, त्या तिकडं लिंबाच्या मागं, जानकीबाईचं घर. तिथं सुंदरा उपाशी आसंल. चवथीला भनी भावासाठी उपास धरत्यात, भाऊ सुखी ऱ्हावा म्हून. दाराकडं बघत बसली आसंल. दिवेलागन झाली का सासू म्हनंल, उठ, आला न्हाई तुझा भाऊ. आन मंग जलमभर अबोला.

तवा तिची नजर गेली काठावरच्या देशमुखाच्या गुऱ्हाळावर. तिथं झाडाखाली काहील पालथी पडलीती. ऊसाचा रस कढवायची ती लोखंडी कढई, केवढी, तर चार मानसं मांडी घालून जेवाया बसतील येवढी. पुराच्या येळंला नाव नसली का काहिलीत बसून नदी उतरायची, ही आपल्याकडली जुनीच रीत.

"आश्रुबा, ती काहील सुलटी कर."

"आत्ये, ती गरगर फिरती. वाहून जाईल."

"म्हून तर तालुकदार हाय. मोटंचा नाडा आन. एक टोक काहिलीला, एक हेल्याला. तो पवंल, आपन मागं बसू."

सटवाची छाती फुगली. त्यानं सोता गाठ मारली, तीबी आशी पक्की का ब्रम्हदेवाला सुटायची न्हाई. साखराबाई आन आश्रुबा काहिलीत बसले. सटवानं हेल्याच्या पाठीवर थाप मारली. तालुकदार ऐटीत पान्यात शिरला. गुडघाभर. मांडीभर. लोकांनी टाळ्या वाजीवल्या. आन पोटाला पानी लागलं तसा तालुकदार डोळं मिटून खाली बसला.

बसला म्हंजे बसलाच.

सटवानं शेपूट पिरगाळलं. शेंगदान्याची पेंड दावली. हात जोडले, पाया पडला, मंग आयमाय काढली. चार गडी शिंगाला लोंबकाळले. तालुकदारानं एक डोळा उघडला, कोन कोन आलंय ते बघितलं आन पुन्हा मिटला.

"काय रं, सटवा," कुनीतरी म्हनलं, "कचेरी भरलेली दिसती."

साखराबाई काहिलीत बसून लाह्याचं गठुडं कुरवाळत व्हती. आता मातर तिला हसू येत नव्हतं. "सुंदरे," ती मनात म्हनली, "बोलू नगंस बाई माझ्याशी. पन मी काय कसर ठिवली न्हाई."

आन तवाच मागून खोकल्याचा आवाज आला. घर्र, घर्र, फट्! चिखलानं वळखू येत नव्हती आशी मोटार गुऱ्हाळाच्या उंचवट्यावर येऊन थांबली. विठ्ठलरावाच्या मिशीवरबी चिखल. पान्यात बसलेला हेला बघून त्यांला असा आनंद झाला, असा आनंद झाला, का त्यांनी दोन्ही हातांनी भोंगा दाबला.

भ्वाँऽऽऽऽप!

तालुकदारानं उभ्या जलमात असा आवाज आईकला नव्हता. दोन्ही डोळं उघडले. शेपूट ताठ झालं. आन जो हेला चार गड्यांला हलला न्हाई, तो पान्यातून असा उठला का सिंदफनंत खड्डा पडला आन त्यात पानी यायाला इचार करावा लागला. उठला ते नाकासमोर पल्याड सुटला. नाडा ताठ. काहील मागं. काहिलीत आत्या-भाचं.

"आरं माझा हेला!" सटवा काठावर नाचाया लागला.

"माझी मोटार!" विठ्ठलराव वरडले. "बघितलं का? मोटारीनं हालीवला!"

आता काहिलीला ना म्होरलं तोंड ना मागलं. हेला वढायचा सरळ, पानी वढायचं बाजूला, आन काहील जात्यावानी गरगर फिरायची. साखराबाईला निंबळवाडी दिसायची, मंग ढवळपिंपरी, मंग पुन्हा निंबळवाडी, मंग दोन्ही एकाच जागी. आश्रुबाचं पागुटं सुटाया लागलं. एक टोक डोस्क्यावर आन दुसरं पान्यासंगं चाललेलं. म्हनत्यात, काहील मधावर आली तवा ते टोक नांदेडला पोचलंतं आन तिथल्या धोब्यानं ते धुवून वाळत घातलं.

"आत्येऽ," आश्रुबा म्हनला, "मी पवूनच..."

"गप बस. सुंदरीनं तुझ्यासाठी उपास धरलाय. तो फुकट घालवू नगंस."

साखराबाईला पैल्यांदा भ्याव वाटलं, मंग गरगरलं, आन मंग हसू फुटलं. आसं हसू का थांबंच ना. फिरत फिरत, हसत हसत, लाह्या सांभाळत ती पल्याडच्या थडीला लागली.

जानकीबाई वसरीत दिवा लावत व्हती. काडी वातीला लागनार तेवढ्यात दारात चिखलानं भरलेला हेला, त्याच्यामागं फरफटत आलेली काहील, आन मागं उघड्या डोस्क्याचा आश्रुबा आन वली चिंब साखराबाई.

आतून सुंदरा पळत आली. "आत्येऽऽ!" म्हनून गळ्यात पडली. मंग भावाकडं बघितलं. "दादा, पागुटं कुठाय?"

"नांदेडला," साखराबाई म्हनली. "रामराम, विहीनबाई. दिवा लागायच्या आदी आलोत बघा. वाहन घेऊन."

जानकीबाईनं काहिलीकडं बघितलं. "हे वाहन?"

"व्हय."

"आज ऱ्हावा. सकाळी जायाचं तर सकाळी पंचमी. पंचमीच्या दिशी तवा, कढई, लोखंड कुनी चुलीवर ठिवतं का? चिरायचं न्हाई, भाजायचं न्हाई, तळायचं न्हाई. नागोबाच्या अंगाला चटका बसतो. आन तुमी माझ्या सुनंला कढईत बसवून नेनार? निंबळवाडीची रीतभात पुरात वाहून गेली का काय?"

सुंदराचं तोंड एवढंसं झालं. आश्रुबा बोलाया गेला, पन सबूद येईस्तवर साखराबाईचा येऊनबी गेला.

"चुलीवर ठिवायची न्हाई, विहीनबाई. खरं हाय. आमीबी दिंडंच उकडून खातोत पंचमीला. पन सिंदफनंत इस्तू कुठाय? नागोबाला चटका बसायचा न्हाई, लईच झालं तर थंडी वाजंल."

सुंदरा पदरात तोंड घालून हसली. जानकीबाई हसली न्हाई. तिनं दिवा लावला आन तो हातात धरून काहिलीभवती फिराया लागली. एका जागी थांबली. काठावरून हात फिरीवला. तिथं लोखंड चेपलेलं व्हतं.

"ही देशमुखाच्या गुऱ्हाळातली," ती हळूच म्हनली.

"व्हय."

"ह्यो पोचा... म्हातारा देशमुख लाकूड घेऊन मागं लागलाता. आपन काकवी चाटत व्हतो काठाची. त्यानं लाकूड फेकलं ते तुला लागायचं ते काहिलीला लागलं."

"तुला लागायचं व्हतं. मी कवाच पळालते."

दिव्याची वात वाऱ्यानं फडफडली. साखराबाईनं पदराचा आडोसा धरला, आन त्या उजेडात तिला जानकीचं तोंड दिसलं. मानमोडीच्या साथीत जानकीचा भाऊ गेला. तवापून तिच्या दारात मुराळी आला न्हाई. नदीच्या ह्या थडीहून ती थड रोज दिसायची, पन बोलावल्याबिगर लेक म्हायेरी जाती व्हय? सून आनली तीबी मुद्दाम तिकडलीच. आन मंग तिच्या मुराळ्यासाठी वाहन मागितलं, थाट मागितला. साखराबाईला आता कळलं, तो थाट कुनाला बघायचा व्हता ते.

"जानके," ती म्हनली. विहीनबाई कुठल्या कुठं गेली. "बोचकं बांध."

"कुनाचं? सुनंचं बांधलंय तिनं कवाच."

"तुझं. मी एकट्या सुंदरीची मुराळी न्हाई आले."

"येडी का खुळी? बाईमानूस कुठं मुराळी व्हतं का?"

"काहील नाव व्हती, तर बाई मुराळी कावून व्हनार न्हाई?"

जानकीबाईनं वाद घालाया तोंड उघडलं. मंग आत गेली, आन पेटी उघडायचा आवाज आला. सुंदरानं आत्याकडं बघून डोळा मारला. ती कुनाची भाची व्हती, ते काय सांगायला पायजे?

त्या राती तालुकदारानं जानकीबाईच्या गोठ्यातला सगळा कडबा खाल्ला आन शेजारच्याचा वास घेऊन ठिवला.

सकाळी वारं पडलं व्हतं. पूर व्हताच, पन जरा शाना झालाता. काहिलीत बसले चौघं: सुंदरा, आश्रुबा, साखराबाई, आन नवं हिरवं लुगडं नेसलेली जानकीबाई, बोचकं मांडीवर घेऊन, पाठ ताठ करून, जशी काय मेण्यात बसली. पल्याड सटवा पेंडीची पाटी घेऊन हाळी देत व्हता, "यऽऽ रं तालुकदाराऽ, यऽऽ माझ्या राजाऽ!" रातभर त्याच्या डोळ्याला डोळा न्हाई. आन पेंडीचा वास नदी वलांडून आला, हे काय खोटं न्हाई. हेला आपल्यापायीच पान्यात शिरला.

अर्ध्यात आले. सगळं चांगलं चाललंतं. पन उंचवट्यावर मोटार उभी व्हती, आन विठ्ठलराव आंघोळ करून, फेटा बांधून, भोंग्यावर हात ठिवून तयारच व्हते. काल भोंग्यानं हेला हालीवला, आजबी आपनच हालवायचा, असा त्यांचा बेत.

भ्वाँऽऽऽऽप!

आवाज आता म्होरून आला. तालुकदार मधल्या धारंत गरकन वळला आन निघाला माघारी. काहील लागली फिराया. सुंदरा किंचाळली, आश्रुबानं नाडा धरला.

"दाबू नगाऽ!" साखराबाई वरडली. पन तिचा आवाज पान्यानं गिळला. विठ्ठलरावाला वाटलं, बायामानसं वाहवा करत्यात. पुन्हा दाबला. भ्वाँऽऽऽऽप!

मंग जानकीबाई उठली. फिरत्या काहिलीत उभी ऱ्हायली, पदर खोचला, दोन्ही हात तोंडाला लावले. ल्हानपनी ती म्हशी वळायची, आन तिची हाळी तीन शिवारं आईकायची.

"इठ्याऽऽऽऽ! बंद कर ते पोंगानं! न्हाई तर येऊन कान उपटीन! ल्हानपनी तुझा शेंबूड पुसलाय म्या, इसरलास का रं, भाड्याऽऽऽ!"

सगळ्या गावासमोर. देशमुखाला. फेट्यासगट.

विठ्ठलरावाचा हात भोंग्यावरनं असा उडाला, जसा तापल्या तव्यावरून. काठावरला एक म्हातारा हसला, मंग दुसरा, आन मंग आख्खी थड हसाया लागली. खुद्द विठ्ठलराव मिशी धरून हसले. "जानकाक्का!" ते म्हनले. "आरं, ही तर आपली जानकाक्का आली!"

तालुकदारानं पेंडीचा वास पुन्हा घेतला आन वळला.

काठाला लागल्यावर जानकीबाईला कुनी हात देऊ लागलं तर तिनं घेतला न्हाई. सोता उतरली. चिखलात पाय रुतला, घोट्यापातुर काळं झालं, नव्या लुगड्याचा काठ भरला. तिनं खाली बघितलं. चिखल पुसला न्हाई.

चिचंवर झोका बांधलेलाच व्हता. वरच्या फांदीला साखराबाईचं घोंगडं आजून लोंबकळत व्हतं. बाया लाह्या खात, फेर धरत वाट बघत व्हत्या. "पैला झोका माझा!" सुंदरा पळत गेली, दोरी धरली. मंग थांबली. मागं बघितलं. सासू चार पावलं लांब उभी ऱ्हायलीती, दोरीकडं बघत, हात लुगड्याला पुसत.

"आत्याबाई," सुंदरा सासूला म्हनली, "पाटावर दोघींला जागा हाय. पन तुमाला झेपंल का?"

"मला झेपंल का?" जानकीबाईनं पदर खोचला. "चढ वर. मंग बघ."

सासू-सून एका पाटावर, समोरासमोर उभ्या ऱ्हायल्या. एकीनं रेटा दिला, मंग दुसरीनं. झोका गेला तो गेला! पैल्या झेपंला देवळाचा कळस दिसला. दुसऱ्या झेपंला सिंदफना. तिसऱ्याला जानकीबाई वरडली, "साखरेऽ, बीडच्या खंडोबाची दीपमाळ दिसतीया गंऽ!" आन येता येता घोंगडं काढून खाली टाकलं.

"खोटं बोलतीस!" साखराबाई खालून म्हनली. पन घोंगडं झेललं.

सुंदरा वरून हसत व्हती, आत्याचं नाव घेऊन वरडत व्हती, बोलत व्हती, बोलायची थांबतच नव्हती.

तिकडं चावडीत वाद पेटलाता. तुफानात सगळ्यात चांगलं वाहन कुठलं? सटवा म्हनला, हेला, कावून तर वढलं त्यानं. विठ्ठलराव म्हनले, मोटार, कावून तर हेल्याला हालीवलं तिनं. आश्रुबा बराच येळ तोंड उघडून बसलाता. शेवटी त्याचा सबूद आला, "पागुटं बांधू नये, एवढं मातर खरं." तो वाद आजूनबी मिटला न्हाई. चवथीला साखराबाईनं कुनाच्या तोंडी काय घातलंतं, हे दोघांनीबी एकमेकाला कवाच इचारलं न्हाई.

तेवढ्यात खबर आली, का तालुकदार पेंड खाऊन आला आन चिचंखाली, बरोबर झोक्याच्या वाटंत, डोळं मिटून बसला. बाया शेपूट वढून दमल्या. झोका वरच्या वर आडला, खाली यायची सोय न्हाई. विठ्ठलराव उठले, फेटा नीट केला, मोटारीकडं गेले आन हात भोंग्याकडं नेला.

"इठ्याऽऽऽ!"

हाक आभाळातून आली. विठ्ठलरावानं वर बघितलं. उंच झोक्यावर उभी जानकीबाई एका हातानं दोरी धरून दुसऱ्या हातानं खुनावत व्हती.

"आता दाब!"